विश्लेषण : कूलरच्या कंडेन्सरपासून खारे पाणी गोडे करणाऱ्या कोळशापर्यंत... मायकेल फॅरेडे यांचे नाव सगळीकडे का?

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची मोटर गुरगुरते, पण पंखा फिरत नाही, तेव्हा मेकॅनिक आधी कंडेन्सर बदलतो. त्या छोट्या डबीवर २.५ किंवा ४ असा आकडा आणि पुढे मायक्रोफॅरडची खूण असते. त्याच कूलरच्या टाकीत आणि ताट्यांवर महिनाभरात पांढरा थर साचतो. तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. ही डबी आणि हा थर यांचा एकमेकांशी संबंध असेल, असे सहसा कुणाला वाटणार नाही. पण खारे पाणी गोडे करण्याची एक पद्धत अशी आहे, की तिच्यात कंडेन्सरच पाण्यातले क्षार ओढून घेतो. त्याच्या पट्ट्या सच्छिद्र कोळशाच्या असतात. या पद्धतीतले इलेक्ट्रोड, आयन, फॅरड हे सगळे शब्द मायकेल फॅरेडे या एका माणसापाशी जाऊन पोहोचतात. त्यांच्या निधनाला दीडशेहून अधिक वर्षे झाली. तरीही विदर्भातल्या खाऱ्या विहिरीचा हिशेब आजही त्यांच्याच वहीतून मांडावा लागतो. तो कसा, हे पाहू.

लोहाराचा मुलगा विजेकडे कसा वळला?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. कामाच्या शोधात ते उत्तर इंग्लंडमधून आले होते, पण प्रकृती साथ देत नव्हती आणि घरात कायम ओढाताण असे. १८०१ मध्ये धान्य महागले, तेव्हा लहानग्या मायकेलला एक पाव आठवडाभर पुरवावा लागे, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि थोडी आकडेमोड, एवढेच शिक्षण झाले. गणिताची ही उणीव त्यांना जन्मभर जाणवली.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. वर्षभराने तिथेच सात वर्षांसाठी बाइंडिंगची उमेदवारी सुरू झाली. बांधणीला आलेली पुस्तके तो आधी वाचून काढी. ब्रिटानिका विश्वकोशातली विजेवरची नोंद आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे सोपे पुस्तक, या दोन वाचनांनी त्याचे आयुष्य वळले. वाचलेले खरे की खोटे, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

१८१२ च्या जुलैमध्ये त्याने घरीच एक बॅटरी बनवली. अर्ध्या पेनीची सात नाणी, त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे, एवढेच सामान. या बॅटरीने त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणातला क्षार फोडून दाखवला. मीठ, पाणी आणि वीज यांची गाठ त्याच्या हातून पहिल्यांदा पडली ती अशी.

रॉयल इन्स्टिट्यूशनचे दार कसे उघडले?

त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळातले नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्यानांची टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधून त्यांचे पुस्तक केले आणि डेव्हींकडे पाठवून दिले. बाइंडरचे कसब इथे अर्जाच्या कामी आले.

लगेच नोकरी मिळाली नाही. पण पुढे संस्थेतल्या एका साहाय्यकाला काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे यांची त्या जागी नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार, राहायला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या. त्याच वर्षी डेव्हींसोबत ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले. दीड वर्षाच्या त्या प्रवासात त्यांना ॲम्पिअर आणि बॅटरीचे जनक व्होल्टा भेटले. मात्र डेव्ही यांच्या पत्नीने त्यांना नोकरासारखेच वागवले आणि त्याचा त्रास त्यांनी सोसला.

पुढे गुरू-शिष्यांतही अंतर पडले. १८२१ मध्ये फॅरेडे यांनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटरचे हे पहिले रूप. पण त्या कल्पनेचे श्रेय कुणाचे, यावरून त्यांच्यावर संशय घेतला गेला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळताना खुद्द डेव्ही यांचाच विरोध होता. तरीही ते निवडून आले. १८३१ मध्ये त्यांनी बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे दाखवले. कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रातले जनित्र याच तत्त्वावर फिरते.

‘इलेक्ट्रोड’ आणि ‘आयन’ हे शब्द कुठून आले?

१८३० च्या दशकात फॅरेडे पुन्हा तरुणपणीच्या प्रयोगाकडे वळले. वीज क्षाराला फोडते ती नेमकी कशी? द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांना तेव्हा ‘ध्रुव’ म्हणत. चुंबकाचा ध्रुव लोखंड खेचतो, तशा या पट्ट्या दुरूनच क्षाराचे घटक खेचतात, असा समज त्यात दडलेला होता. फॅरेडे यांना तो पटत नव्हता. त्यांच्या मते पट्टी म्हणजे वीज द्रावणात शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे दार. त्यासाठी चुकीचा अर्थ न चिकटणारे नवे शब्द हवे होते.

ग्रीक भाषा त्यांना येत नव्हती. ते त्यांनी लपवले नाही. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्युएल यांच्याशी पत्रव्यवहार करून १८३४ मध्ये त्यांनी शब्द पक्के केले. इलेक्ट्रोड म्हणजे विजेची वाट. आयन म्हणजे जाणारा, त्या वाटेवरचा वाटसरू. ॲनोड, कॅथोड आणि इलेक्ट्रोलाइट हे शब्दही तेव्हाचेच. जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाच्या आग्रहातून घडलेले हे शब्द आज नागपुरातला दहावीचा विद्यार्थी पाठ करतो.

विजेचा हिशेब म्हणजे काय?

शब्दांपेक्षाही मोठी देणगी म्हणजे त्यांनी मांडलेला हिशेब. द्रावणातून जितकी वीज जाईल, तितक्याच प्रमाणात पदार्थ सुटा होतो. वीज दुप्पट केली, तर पदार्थही दुप्पट. वेगवेगळ्या पदार्थांचे प्रमाणही ठरलेले असते. हे विद्युत अपघटनाचे नियम त्यांनी १८३३-३४ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांनी पाण्यातून सुटणारा वायू मोजून वीज मोजण्याचे साधनही तयार केले. विजेचे ते एक सुरुवातीचे मीटरच होते. प्रयोगांच्या नोंदींना ते क्रमांक देत. त्यांच्या रोजनिशीतील क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले आहेत.

या हिशेबाला पुढे ९६,४८५ हा आकडा मिळाला. त्याला फॅरेडे स्थिरांक म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर ५८.५ ग्रॅम मिठातले सोडियम आणि क्लोराइड वेगवेगळ्या पट्ट्यांवर न्यायला कमीत कमी ९६,४८५ कूलंब वीज मोजावी लागते. त्यात सूट नाही.

नागपूरला हा हिशेब नवा नाही. १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड काढण्यावर मोठे काम केले. तुरटी आणि चुना वापरणारी नलगोंडा पद्धत तिचीच. विजेने फ्लोराइड काढण्याच्या पद्धतीवरही तिथे काम झाले. या दुसऱ्या पद्धतीत ॲल्युमिनियमची पट्टी मुद्दाम विरघळवतात आणि तयार होणारा चिकट साका फ्लोराइडला धरून खाली बसतो. एक अँपिअर वीज तासभर सोडली, तर सुमारे एक तृतीयांश ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळते. हा आकडा थेट फॅरेडे यांच्या नियमातून येतो.

मग कोळसा मीठ कसे पकडतो?

इथे फॅरेडे यांचे आणखी एक काम उपयोगी पडते. १८३७ मध्ये त्यांनी दोन धातूंच्या गोलांमध्ये वेगवेगळे पदार्थ भरून वीज साठवण्याची क्षमता मोजली. मधला पदार्थ बदलला की साठाही बदलतो, हे त्यांनी दाखवले. कंडेन्सर समजून घेण्याचा तो पाया होता. पुढे १८५३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी पट्टी आणि द्रावण यांच्या सीमेवरच एक अतिसूक्ष्म कंडेन्सर तयार होतो, अशी मांडणी केली. पट्टीवर एक भार, तर तिला चिकटून द्रावणात विरुद्ध भाराचा थर. याच हेल्महोल्ट्झ यांनी १८८१ मध्ये लंडनमध्ये फॅरेडे यांच्या स्मरणार्थ व्याख्यान दिले होते.

आता पट्टी गुळगुळीत धातूची न घेता सच्छिद्र कोळशाची घ्या. नारळाची करवंटी किंवा तसाच काही पदार्थ हवेविना जाळून, नंतर उच्च तापमानाला वाफेने किंवा रसायनाने कोरला की सक्रिय कोळसा मिळतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडल्या, तर हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त जागा भरते. म्हणजे चिमूटभर पुडीत कबड्डीची सात-आठ मैदाने. अशा दोन पट्ट्यांमधून खारे पाणी सोडून साधारण १.२ व्होल्ट दाब दिला, की सोडियम ऋण पट्टीच्या छिद्रांत जातो आणि क्लोराइड धन पट्टीच्या. पाणी कमी खारे होऊन बाहेर पडते. पट्ट्या भरल्या की वीज बंद करायची किंवा उलटी द्यायची. मग मीठ थोड्याशा पाण्यात सुटून निघून जाते आणि पट्ट्या पुन्हा तयार होतात.

या पद्धतीला कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशन म्हणतात. तिच्यावरचे पहिले प्रयोग अमेरिकेत १९६० च्या दशकात झाले. १९९० च्या दशकात कार्बन एरोजेलसारखे नवे सच्छिद्र पदार्थ आल्यावर तिला जोर आला. भारतात आयआयटी मद्रासमध्येही यावर संशोधन झाले आहे. फॅरेडे यांनी ज्याला विजेचे दार मानले, त्याचेच या कोळशाने कोठार केले, असे म्हणता येईल.

या कोठाराची क्षमता मोजतात तीही फॅरडमध्ये. एक ग्रॅम चांगला सच्छिद्र कोळसा पन्नास फॅरड साठवतो असे धरले, तरी ती पंख्याच्या २.५ मायक्रोफॅरडच्या दोन कोटी कंडेन्सरइतकी होते. अर्थात पंख्याचा कंडेन्सर शेकडो व्होल्ट सोसतो, तर हा कोळसा जेमतेम सव्वा व्होल्ट.

छिद्रे जितकी बारीक तितके चांगले का?

तसे नाही. दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत मीठ सर्वाधिक मावते, पण आयनांना तिथवर पोहोचायला मोठ्या वाटा हव्यात. सगळ्याच गल्ल्या अरुंद असतील, तर बाजारात माणूस शिरणार कसा? म्हणून चांगल्या इलेक्ट्रोडमध्ये हमरस्ता, रस्ता आणि गल्ली अशी तिन्ही प्रकारची छिद्रे लागतात. शिवाय कोळशातून वीज सहज वाहिली पाहिजे आणि तो पाण्याने नीट भिजला पाहिजे. सर्वसाधारण सक्रिय कोळसा एका खेपेत ग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम मीठ धरतो. हा आकडा वाढवणे आणि तो हजारो खेपा टिकवणे, यासाठी सारी धडपड आहे.

टिकण्याच्या प्रश्नातही पुन्हा फॅरेडे यांचेच नाव येते. पट्टीवर नुसता भार न साठता रासायनिक क्रिया घडली, तर तिला ‘फॅरेडिक’ क्रिया म्हणतात. फ्लोराइड काढताना ॲल्युमिनियमची पट्टी विरघळते ती याच क्रियेमुळे आणि तिथे ती हवी असते. कोळशाच्या पट्टीत मात्र ती बहुधा नको असते. धन पट्टीचा कोळसा हळूहळू ऑक्सिडाइज होतो. ऋण पट्टीवर पाण्यातल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनू शकते. पाण्याचा सामू बदलतो. वीज खर्च होते, पण मीठ तेवढे निघत नाही. म्हणजे साठ्याचे मोजमापही त्यांच्या नावाने आणि गळतीही त्यांच्याच नावाने. किती वीज मिठाला लागली आणि किती कोळसा खाण्यात गेली, हे ठरवायला पुन्हा त्यांचाच आकडा लागतो.

फॅरेडे यांचा पिण्याच्या पाण्याशी थेट संबंध होता का?

होता. १८३६ पासून जवळपास तीन दशके ते ब्रिटनची दीपगृहे सांभाळणाऱ्या ट्रिनिटी हाउसचे वैज्ञानिक सल्लागार होते. दिव्यांबरोबरच दीपगृहातल्या लोकांच्या पिण्याच्या पाण्यात शिसे उतरते का, हेही त्यांनी तपासले.

जुलै १८५५ मध्ये टेम्स नदीतून बोटीने जाताना नदीचे पाणी त्यांना गढूळ आणि दुर्गंधीने भरलेले दिसले. त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे भिजवून ठिकठिकाणी पाण्यात टाकले. वरून ऊन असतानाही एक इंच खोल जाण्याआधीच ते दिसेनासे झाले. हे निरीक्षण त्यांनी लंडनच्या टाइम्स दैनिकाला पत्र लिहून कळवले आणि दुर्लक्ष केल्यास उन्हाळ्यात भोगावे लागेल, असा इशारा दिला. तीनच वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेलाही काम करणे अवघड झाले आणि त्यानंतर शहराच्या मोठ्या गटार योजनेला चालना मिळाली. कार्डाच्या तुकड्याने केलेली ती पाणी तपासणी आजही कोणत्याही नाग नदीकाठच्या शाळेत करता येईल.

अखेरची वर्षे कशी होती?

फॅरेडे एका लहानशा, साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते. १८२१ मध्ये त्याच पंथातल्या सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना मूलबाळ नव्हते. मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांत मात्र ते रमत. एका मेणबत्तीवर उभी केलेली त्यांची व्याख्यानमाला प्रसिद्ध आहे. बाहेरच्या सल्ल्याच्या कामातून भरपूर पैसा मिळत असताना त्यांनी संशोधनासाठी त्यातले बरेच सोडून दिले. ‘सर’ हा किताब आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी नाकारले. १८४० च्या सुमारास प्रकृती ढासळली आणि पुढे स्मरणशक्ती दगा देऊ लागली. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना लंडनच्या हायगेट दफनभूमीत पुरण्यात आले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वीज साठवण्याच्या क्षमतेच्या एककाला फॅरड हे नाव मान्य केले.

विदर्भाला याचा उपयोग होईल का?

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेकडो गावांतले भूजल खारट आहे. विहीर भरलेली असते, पण पाणी घशाखाली उतरत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल, तर २,००० पर्यंत चालवून घेतले जातात.

आता फॅरेडे यांची वही उघडू. समजा २,००० मिलिग्रॅमचे पाणी ५०० वर आणायचे आहे. लिटरमागे दीड ग्रॅम क्षार काढायचे. ते सगळे साधे मीठ धरले, तर सुमारे २,४७५ कूलंब वीज लागते. १.२ व्होल्टवर हा खर्च साधारण ३,००० ज्यूल होतो. म्हणजे एका युनिटमध्ये सुमारे १,२०० लिटर. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात गळती आणि पंप धरून पाणी याहून बरेच कमी मिळते. त्यातच एका खेपेत एक लिटर पाण्याला दीडशे ग्रॅम कोळसा लागतो. मध्यम खाऱ्या पाण्यासाठी ही पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्याला ती परवडत नाही.

फायदे आहेत. आरओसारखा मोठा दाब लागत नाही, सौर पॅनेलवर काम होऊ शकते आणि तुलनेने कमी पाणी वाया जाते. कापसाच्या पऱ्हाट्यांपासूनही सक्रिय कोळसा बनवता येतो, हे संशोधनातून दिसले आहे. पण पट्ट्या धुतल्यावरचे अतिखारे पाणी कुठे सोडायचे, हा प्रश्न उरतोच. जंतू आणि भार नसलेली कीटकनाशके या पद्धतीने निघत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

म्हणून उद्या गावात असे यंत्र बसवायला कुणी आले, तर ग्रामसभेने तीन गोष्टी विचाराव्यात. दिलेल्या विजेपैकी किती टक्के प्रत्यक्ष मीठ काढण्यात लागते? हजार खेपांनंतर कोळसा ग्रॅममागे किती मीठ धरतो? आणि पट्ट्या धुतलेले पाणी कुठे जाणार? पहिल्या दोन उत्तरांचे आकडे फॅरेडे यांच्या नियमाने कुणालाही ताडून पाहता येतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र गावाच्या शिवारातच शोधावे लागेल.